वॉटरलूच्या आधी अडगाव

रविवार : खामगाव

जलंबपासून खामगावला जाणारी रेल्वेची फांदी जेमतेम तेरा किलोमीटरची. मार्च १८७० मध्ये तिच्या उद्‌घाटनाला कलकत्त्याहून खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. एवढ्याशा लायनीसाठी एवढा मोठा माणूस? मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "काही तरी मोठा माल असीन पोरी. साहेब लोक फुकट येत नसतात."

मामा एसटीत ड्रायव्हर होते. आता निवृत्त आहेत, पण स्टिअरिंग हातात नसलं की त्यांना करमत नाही. मी शाळेत इतिहास शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत त्यांची जुनी गाडी आणि माझी वही एवढ्या भांडवलावर आम्ही अकोल्याहून निघालो. वहीत मी अशी गावं उतरवून ठेवली होती जिथं जगाच्या इतिहासातली मोठी माणसं येऊन गेली, किंवा जिथून निघून जगात गेली. सगळी आपल्या वऱ्हाडातली, नाहीतर नदीपल्याड वर्ध्याकडची.

तर माल होता कापूस. १८६१ च्या एप्रिलात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि लिंकनने दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी केली. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस त्याच बंदरांतून यायचा. लँकेशायरचे गिरणी कामगार घरी बसले, लंगरखान्यापुढे रांगा लागल्या. मग इंग्रजांची नजर वळली वऱ्हाडाकडे. निजामाकडून हा मुलूख त्यांनी १८५३ सालीच ताब्यात घेतला होता. लिव्हरपूलच्या बाजारात इथल्या रुईला अमरावतीच्या नावानेच ओळखत. साहेबी जिभेवर ते 'उमरावती' व्हायचं. आधी हा कापूस लमाणांच्या तांड्यांबरोबर, बैलांच्या पाठीवरून, पाचेकशे मैल लांब गंगाकाठच्या मिर्झापूरला जायचा. वाटेत धूळ बसायची, पाऊस लागला की गोणी भिजायच्या. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि तांड्यांचा धंदा बसला. जलंब-खामगाव ही फांदी त्यानंतरची, खास खामगावच्या कापूसबाजारासाठी टाकलेली.

या काळातली एक गोष्ट मला फार आवडते. उपाशी बसलेल्या मँचेस्टरच्या कामगारांनी १८६२ च्या शेवटच्या दिवशी सभा भरवली आणि लिंकनला पत्र धाडलं : आमच्या चुली थंड असल्या तरी गुलामगिरी संपवण्याच्या तुमच्या कामाला आमचा पाठिंबा आहे. लिंकनने जानेवारीत त्यांना उत्तर पाठवून आभार मानले. आज मँचेस्टरमध्ये लिंकनचा पुतळा आहे तो त्यामुळेच. हेच कामगार हिंदुस्थानी कापसाला मात्र बोटं मोडत. आपला धागा आखूड, मशीनवर सारखा तुटणारा. मुंबई-सुरतेकडून येणाऱ्या सगळ्याच मालाला ते 'सुरती' म्हणत. गिरणीवाल्या गावात प्रार्थना चालली होती, "देवा, कापूस पाठव रे," तर मागून एकजण ओरडला, "पण सुरती नको!" अशी तिकडची एक जुनी कथा आहे.

बाजाराबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग होती. एका ट्रॉलीवर कापसाच्या ढिगावर आडवे झालेले काका भेटले. त्यांना ही कथा सांगितली तर त्यांनी हात झटकला.

"आजबी तेच हाय ना बाई. तवा धागा आखूड म्हनत, आता ओल जास्त म्हनतात. भाव पाडाले कारन लागते एक."

युद्ध १८६५ मध्ये संपलं, अमेरिकेचा कापूस परत निघाला आणि भाव कोसळले. मुंबईत त्या पैशावर फुगलेले शेअर त्याच वर्षी आपटले. प्रेमचंद रायचंदसारखा कापसाचा राजाही त्यात बुडाला. वऱ्हाडात मात्र ज्वारीची वावरं पऱ्हाटीखाली, म्हणजे कापसाखाली, गेली होती ती गेलीच. शतकाच्या अखेरीस, १८९६-९७ आणि १८९९-१९०० साली, दुष्काळ पडले तेव्हा रेल्वे होती, बाजार होता, तारायंत्र होतं आणि माणसं तरी मेली. मेयोच्या समारंभाचं वर्णन करताना हे सहसा कोणी जोडून सांगत नाही. मी वर्गात सांगते.

आणि मेयो? खामगावचा समारंभ होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. ८ फेब्रुवारी १८७२ ला तो अंदमानला काळ्या पाण्याच्या वसाहतीची पाहणी करायला गेला. संध्याकाळी माउंट हॅरिएटवरून सूर्यास्त पाहून खाली धक्क्यावर आला, मशालीच्या उजेडात बोटीकडे निघाला, तेवढ्यात अंधारातून शेर अली आफ्रिदी नावाच्या जन्मठेपेच्या कैद्याने त्याच्या पाठीत सुरा खुपसला. शेर अली खैबरकडचा पठाण. आधी इंग्रजांच्याच चाकरीत होता, खानदानी वैरातल्या खुनासाठी अंदमानला आला होता आणि तिथं हजामत करायचा. पदावर असताना खून झालेला हा एकमेव व्हाइसरॉय. त्याचं प्रेत टिकवून थेट आयर्लंडला नेलं. ते दारूत मुरवून नेलं अशी तिकडे वदंता आहे, आणि त्यावरून गावकऱ्यांनी त्याला लोणच्यातला उमराव म्हणायला सुरुवात केली. शेर अलीला महिनाभरात व्हायपर बेटावर फाशी दिलं.

मामा हे ऐकताना गाडी चालवत होते. शेगावला कचोरी खायला थांबलो तेव्हा म्हणाले, "त्या बिचाऱ्याले खामगावातच ठिऊन घ्याले पाह्यजे होतं."

सोमवार : अडगाव

सकाळी शेगावहून तेल्हाऱ्याकडे. हा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, पण जमीन काळीभोर. तेल्हारा मागे पडलं की उत्तरेला सातपुड्याची निळी भिंत सुरू होते आणि शेवटपर्यंत बरोबर राहते. पाण्याची चवही बदलते.

अडगाव बुद्रुक आणि त्याच्या अलीकडे सिरसोली. या दोन गावांमधल्या सपाट रानात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी लढाई झाली. इंग्रजी पुस्तकांत ती 'आरगाव' म्हणून येते. एका बाजूला नागपूरकर रघुजी भोसल्यांची फौज, तिचा सेनापती त्यांचा भाऊ मन्याबापू, जोडीला शिंद्यांचे स्वार. दुसऱ्या बाजूला कंपनीची फौज आणि तिचा चौतीस वर्षांचा सेनापती आर्थर वेलस्ली. याने पुढे बारा वर्षांनी, १८ जून १८१५ ला, वॉटरलूच्या मैदानात नेपोलियनला कायमचं घरी बसवलं. ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जग त्याला ओळखतं. नंतर तो इंग्लंडचा पंतप्रधानही झाला.

याच वेलस्लीने जिंकलेली असई इथून लांब, जालन्याकडे. ती लढाई दोन महिने आधीची आणि जास्त गाजलेली. अडगाव तिच्या सावलीत राहिलं. मला विचाराल तर अडगावची गोष्ट जास्त रंगतदार आहे, कारण इथं वेलस्ली हरता हरता वाचला.

फौज दिवसभर चालून थकली होती. दुपार कलल्यावर सिरसोलीपाशी पोचली तेव्हा समोर मैलोगणती पसरलेली मराठ्यांची रांग दिसली. कंपनीची फौज गावाला वळसा घालून मैदानात उतरू लागली आणि भोसल्यांच्या तोफा सुरू झाल्या. पहिल्या काही गोळ्यांतच तोफा ओढणारे बैल उधळले, आणि असईला छातीठोक उभ्या राहिलेल्या शिपायांच्या तीन पलटणी पाठ फिरवून पळत सुटल्या. वेलस्ली जवळच होता. त्याने घोडा आडवा घातला, त्यांना गावाच्या आडोशाला नेलं, रांगा पुन्हा लावल्या आणि स्वतः बरोबर घेऊन आला. नंतर एका पत्रात त्याने लिहिलं की मी तिथं नसतो तर आजचा दिवस आम्ही गमावला असता. बढाई असेल, पण लढाईत हजर असलेल्या इतरांच्या लिखाणातूनही तेच चित्र दिसतं. त्याच्याबरोबर दुभाष्या म्हणून चोवीस वर्षांचा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता. हा पुढं नागपूरचा रेसिडेंट, मग मुंबईचा गव्हर्नर. ज्याच्या नावाचं कॉलेज मुंबईत आहे तो.

मग भोसल्यांकडच्या अरबांच्या तुकडीने स्कॉटिश पलटणींवर सरळ चाल केली आणि ती जवळपास सगळी कापली गेली. बाकीची रांग मोडली. अडतीस तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. पौर्णिमेच्या आसपासची रात्र होती, चांदण्यात पाठलाग चालला. कंपनीचे मेलेले आणि जखमी मिळून साडेतीनशेच्या आसपास. भोसल्यांचे किती, याचा नीट हिशेब कोणी ठेवला नाही.

सिरसोलीच्या बाहेर आम्ही धुऱ्यावर गाडी लावली. आजूबाजूला तूर, हरभरा, मधेच संत्र्याची बाग. आम्ही उभे होतो तिथं पाटीबिटी काही नव्हती. वावरात काम करणाऱ्या म्हाताऱ्याला मामांनी विचारलं, "बुढेबाबा, इथं इंग्रजाची लढाई झाल्ती म्हणे?"

"झाल्ती ना. आमचा आजा सांगे, नांगरता नांगरता लोखंडाचा गोळा निंगाला होता. मंग त्याच्यावर मिरच्या कुटत."

गोळा आता कुठे आहे म्हटलं तर त्यांनी हात पसरले. खरं-खोटं त्यांनाही सांगता येईना. पण पुढे त्यांनी जे विचारलं ते मला अजून कोणत्या विद्यार्थ्याने विचारलेलं नाही. "पळाले ते आपलेच ना बाई? आन् ज्यायनं पळवलं तेही आपलेच?" इंग्रजांच्या बाजूचे बहुतेक शिपाई दक्षिणेतले, मद्रास इलाख्याचे. मी तेवढंच सांगितलं. मग त्यांनी आम्हाला तुरीच्या शेंगा तोडून दिल्या.

मंगळवार : अंजनगाव सुर्जी, देवगाव, अचलपूर

अकोटवरून अंजनगाव. रस्त्याच्या कडेला पानमळे आणि पानपिंपरीचे हिरवे मांडव. अंजनगाव सुर्जीच्या चौकात चहा घेताना मी मामांना म्हटलं, "दिल्ली शिंद्यांच्या हातातून गेली ती या गावात."

"दिल्ली? इथं?"

इथं. ३० डिसेंबर १८०३ ला दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला तो सुर्जी अंजनगावचा. दिल्ली-आग्र्याकडचा मुलूख, गंगा-यमुनेचा दुआब, भडोच, अहमदनगरचा किल्ला, सगळं त्या कागदावर गेलं. लाल किल्ल्यातला आंधळा बादशहा शाहआलम सप्टेंबरातच इंग्रजांच्या छायेखाली गेला होता. त्यावर शिक्का इथं बसला. त्याआधी १७ डिसेंबरला अचलपूरजवळच्या देवगावात भोसल्यांनी सही केली होती. कटक आणि बालासोर इंग्रजांना, वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड निजामाला. याच वऱ्हाडाचा ताबा पन्नास वर्षांनी इंग्रजांनी घेतला आणि त्यातूनच परवाचं खामगाव उभं राहिलं. म्हणजे एका महिन्यात, एकमेकांपासून दुपारभराच्या वाटेवरच्या दोन गावांत, ओडिशाचा किनारा आणि दिल्लीचं तख्त यांचा हिशेब झाला.

अचलपुरात फार काही केलं नाही. एके काळची वऱ्हाडची राजधानी, पण आम्हाला भूक लागली होती. परतवाड्यात पाटवडीचा रस्सा खाल्ला. मामांच्या ओळखीचे कंडक्टर भेटले आणि संध्याकाळ त्यांच्या अंगणात गेली. तिथं मी बोलले नाही, नुसतं ऐकलं. गेल्या वर्षीचा संत्र्याचा गळ हा विषय नेपोलियनपेक्षा मोठा होता.

बुधवार : गाविलगड

परतवाड्याहून घाट चढताना मामांचा चेहरा फुलला. या घाटात त्यांनी कितीतरी वर्षं लाल गाडी चालवली आहे. प्रत्येक वळणाची त्यांच्याकडे गोष्ट आहे, त्यातल्या निम्म्या ब्रेकच्या.

अडगावहून मागे हटलेली भोसल्यांची फौज गाविलगडावर चढली. किल्ला चिखलदऱ्याच्या पठाराच्या टोकावर. तीन बाजूंना सरळ कडे, फक्त उत्तरेकडे जमिनीची अरुंद पट्टी. बहमनी सुलतान अहमदशहा वलीने १४२५ च्या सुमारास तो बांधला असं जुना इतिहासकार फरिश्ता लिहितो. वेलस्लीने फौजेचे दोन भाग केले. स्वतः दक्षिणेला, पायथ्याशी, नुसती हूल द्यायला राहिला. कर्नल स्टीव्हन्सनला वजनदार तोफा घेऊन डोंगरातून सुमारे तीस मैलांचा फेरा मारून उत्तरेच्या पट्टीवर पाठवलं. रस्ता नव्हताच. फौजेने झाडं तोडत, दगड फोडत तो आधी केला आणि मग त्यावरून तोफा हातांनी ओढल्या. ७ डिसेंबरला निघालेल्या तोफा १२ तारखेला किल्ल्यापुढे उभ्या होत्या.

मामांनी मोथ्याच्या अलीकडे गाडी कडेला घेतली आणि खाली उतरून दरीकडे बराच वेळ पाहत राहिले.

"पाच दिवस?"

"पाच दिवस."

"लोडेड गाडीले डांबरी रस्त्यानं पहिल्या गिअरवर इथं घाम फुटते. वेलस्लीचं नाव झालं, पन मेडल त्या दोर ओढनाऱ्याले द्याले पाह्यजे होतं."

लष्करी इतिहासाची जाडजूड पुस्तकं वाचूनही मला हा मुद्दा इतका नीट कळला नव्हता. त्या दोर ओढणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत.

वनखात्याच्या गेटावर नोंद करून आत गेलो. तट पडके, तळी हिरवी, झाडांवर माकडं. दिल्ली दरवाजा मात्र पाहतच राहावा असा. कमानीच्या वर दगडात कोरलेले सिंह, हत्ती आणि चोचींत हत्ती धरलेला दोन डोक्यांचा पक्षी, गंडभेरुंड. मुसलमानी किल्ल्यावर विजयनगरची ही खूण कशी आली? फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क हा वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक. विजयनगरच्या ब्राह्मण घरातला मुलगा, लहानपणी कैद होऊन आला, मुसलमान झाला, वाढत वाढत सुभेदार आणि शेवटी स्वतंत्र राजा. १४८८ मध्ये त्याने हा किल्ला दुरुस्त केला. दरवाजावरची चित्रं म्हणजे त्याची आपल्या मुळाची आठवण, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. मलाही तसंच वाटावंसं वाटतं. गंमत अशी की दोन डोक्यांचा गरुड बायझंटाइन सम्राटांनीही मिरवला, त्यांच्यानंतर मॉस्कोच्या झारांनी आणि व्हिएन्नाच्या हॅब्सबर्ग घराण्यानेही. मेळघाटातल्या या पक्ष्याचे चुलतभाऊ निम्म्या युरोपात दारांवर बसलेले आहेत.

१५ डिसेंबरला सकाळी दहाच्या सुमारास हल्ला झाला. बाहेरचा तट तोफांनी फोडलाच होता. आत शिरलेले लोक मात्र आतल्या किल्ल्याच्या दरवाजापुढे अडकले, कारण मधे खोल घळ आणि पलीकडे दुसरी भिंत. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलची स्कॉटिश तुकडी घळीत उतरून पलीकडच्या कड्याने वर गेली, शिड्या लावून भिंत चढली आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग राजपूत. तो पळाला नाही. दरवाजाजवळच्या प्रेतांच्या ढिगात सापडला.

आणि एवढं करून? दोन दिवसांनी झालेल्या देवगावच्या तहात हाच किल्ला भोसल्यांना परत दिला गेला. नरनाळ्याचा किल्लाही. जो घ्यायला इतकी माणसं मेली तो राजकारणात चिल्लर म्हणून परत आला. तटांची आजची दशा १८५८ मधली आहे. तात्या टोपे इकडे येऊन बसतील या धास्तीने इंग्रजांनी स्वतःच किल्ला मोडून ठेवला.

संध्याकाळी चिखलदऱ्यात थंडी चांगलीच होती. कॉफी पीत मी मामांना वेलस्लीचा पुढचा किस्सा सांगितला. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती इथं, त्यामुळे तीच मागवली. १८०५ मध्ये तो जहाजाने मायदेशी निघाला. वाटेत अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर थांबला आणि 'द ब्रायर्स' नावाच्या घरी उतरला. दहा वर्षांनी त्याने हरवलेला नेपोलियन कैदी म्हणून त्याच बेटावर आला आणि त्याच्यासाठी ठरवलेलं घर दुरुस्त होईपर्यंत ब्रायर्समध्येच राहिला. तेव्हा वेलिंग्टन पॅरिसमध्ये नेपोलियनच्या एलिझे महालात मुक्कामाला. १८१६ मध्ये त्याने बेटावर जाणाऱ्या अॅडमिरल माल्कमला लिहिलं : बोनीला सांग, त्याच्या महालातल्या खोल्या मला फार सोयीच्या वाटतात, त्यालाही माझ्या तिथल्या खोल्या आवडल्या असतील अशी आशा आहे. दोघांचं जन्मवर्ष एकच, १७६९. आयुष्यात समोरासमोर एकदाही बोलले नाहीत.

"लय खवचट होता मंग," मामा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांना वेलस्ली आवडलेला दिसला.

गुरुवार

दिवसभर रस्ता. अमरावतीत मावशीकडे जेवण, मग तिवस्याकडून वर्धा नदी ओलांडली. देवगावच्या तहात हीच हद्द ठरली होती. पुलावरून मामांनी गाडीचा वेगही कमी केला नाही.

शुक्रवार : सेवाग्राम

सेवाग्रामला सकाळी लवकर गेलो, प्रार्थनेच्या पिंपळाखाली झाडलोट चालली होती. शाळेच्या सहली यायच्या आधी बापूकुटी शांतपणे पाहता येते. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू. साप मारू नयेत म्हणून केलेला लांब चिमटा आणि पिंजरा. व्हाइसरॉय लिनलिथगोने बोलणी पटकन व्हावीत म्हणून बसवून दिलेल्या टेलिफोनची खोली. साप आणि व्हाइसरॉय या दोघांचीही सोय अशी जवळजवळ केलेली.

ही कुटी मुळात गांधींसाठी बांधलेली नव्हती. ती मीराबेनची. खरं नाव मॅडलिन स्लेड, ब्रिटिश अॅडमिरलची मुलगी. वडील हिंदी महासागरातल्या आरमाराचे प्रमुख होते तेव्हा ती काही काळ मुंबईत राहून, मेजवान्या पाहून, कंटाळून परत गेली होती. तिचं वेड एकच : बीथोव्हेन. त्याच्यापायी ती फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँला भेटायला गेली, कारण रोलाँने बीथोव्हेनवर लिहिलं होतं. बोलता बोलता रोलाँने गांधींचं नाव काढलं. तिने ते कधी ऐकलेलं नव्हतं. त्याचं गांधींवरचं पुस्तक तिने वाचलं, वर्षभर सूत कातायला आणि जमिनीवर बसायला शिकली आणि १९२५ च्या नोव्हेंबरात साबरमतीला येऊन पोचली. शेगाव हे सेवाग्रामचं आधीचं नाव. (गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायचा म्हणून १९४० मध्ये ते बदललं.) त्या शेगावात गांधी १९३६ मध्ये राहायला आले, त्याआधीच मीराबेनने इथं बिऱ्हाड केलं होतं.

आता माझ्या वहीतली बाणाची खूण. १८०३ मध्ये वेलस्ली अडगावकडे सरकत होता, तेव्हा व्हिएन्नात बीथोव्हेन एक प्रचंड सिंफनी रचत होता आणि ती त्याला नेपोलियनच्या नावाने करायची होती. पुढच्या वर्षी नेपोलियनने स्वतःला सम्राट म्हणवून घेतलं आणि बीथोव्हेनने चिडून ते नाव काढून टाकलं. तीच 'एरोइका'. आणि १८१३ मध्ये स्पेनमधल्या व्हिटोरियाला फ्रेंचांचा पराभव झाला तेव्हा याच बीथोव्हेनने 'वेलिंग्टनचा विजय' नावाची रचना केली, तोफांच्या आवाजासकट. संगीताचे जाणकार तिला त्याच्या हलक्या कामात धरतात, पण तेव्हा ती तुफान चालली. म्हणजे गाविलगड जिंकणाऱ्याचा पोवाडा रचणारा माणूस, आणि त्याच माणसाच्या सुरांचं बोट धरून वर्ध्याच्या उन्हात येऊन राहिलेली मुलगी. १९५९ मध्ये ती भारत सोडून गेली ती व्हिएन्नाजवळच्या टेकड्यांत, जिथं बीथोव्हेन फिरायचा. १९८२ मध्ये तिथंच वारली.

वर्ध्याच्या उन्हाचाच एक किस्सा. १९४२ च्या जूनमध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर आठवडाभर आश्रमात राहिला. पत्र्याच्या टबात पाणी भरून, आत लाकडी खोकं ठेवून त्यावर तो बसायचा, दुसऱ्या खोक्यावर टाइपरायटर, आणि अशा थाटात टिपणं काढायचा. 'चले जाव' ठराव दीड-दोन महिन्यांवर होता. मामा म्हणाले की एसटीच्या वर्कशॉपमध्ये मे महिन्यात ही पद्धत कोणी सुचवली असती तर पुण्य लागलं असतं.

शनिवार : वर्धा

शेवटचा माणूस वर्ध्याचाच. पांडुरंग सदाशिव खानखोजे. शाळकरी वयात डोक्यात क्रांती शिरली, घर सोडून जपानमार्गे अमेरिकेला गेले, ओरेगॉनच्या कॉलेजात शेती शिकले आणि तिथंच परदेशातल्या हिंदी क्रांतिकारकांच्या गदर पक्षाच्या उभारणीत पडले. पहिल्या महायुद्धात इराणच्या डोंगरांत इंग्रजांविरुद्ध लढले. पुढं बर्लिन, मग मॉस्को. तिथं लेनिनला भेटले. इंग्रज मायदेशी येऊ देईनात, तेव्हा १९२४ मध्ये मेक्सिको गाठलं आणि चापिंगोच्या सरकारी कृषी विद्यालयात शिकवू लागले.

मेक्सिकोतही नुकतीच क्रांती झालेली. जमिनी शेतकऱ्यांना मिळालेल्या, पण हातात बी-बियाणं नाही, ज्ञान नाही. खानखोज्यांनी त्यांच्यासाठी मोफत शेतीशाळा काढल्या. मक्याची टिओसिंटे या त्याच्या रानटी भावकीशी गाठ घालून नवे वाण काढण्याच्या मागे लागले. चित्रकार दिएगो रिव्हेरा त्यांचा दोस्त, तो त्याच काळात चापिंगोच्या भिंती रंगवत होता. टीना मोदोत्ती या इटालियन छायाचित्रकार बाईने त्यांच्या मक्याचे आणि शेतीशाळांचे फोटो काढले. एका बेल्जियन मुलीशी त्यांनी लग्न केलं. स्वातंत्र्यानंतर नागपूरला परतले आणि १९६७ च्या जानेवारीत तिथंच वारले. चापिंगोत त्यांचा पुतळा २०२२ मध्ये उभा राहिला.

हे सगळं मी बसस्थानकासमोरच्या टपरीवर सांगत होते. बाजूला बसलेला एक पोरगा मोबाइल खाली ठेवून ऐकत होता, वर्ध्याचाच, बी. एस्सी. अॅग्रीला. खानखोजे नाव त्याने ऐकलं होतं, परीक्षेला आलं होतं म्हणाला, पण गदरवाले म्हणून. मका त्याला नवीन होता. त्याने लगेच टिओसिंटेचा फोटो शोधून मामांना दाखवला. गवतासारखं झाड, बोटभर बारीक कणीस, दाणे मोजून घ्यावेत इतके थोडे.

मामांनी तो फोटो मोठा करून, चष्मा वर करून, पुन्हा पुन्हा पाहिला. मग खिशातून फोन काढला आणि गावाकडे पोराला लावला.

"हॅलो, अरे, आपल्या मक्याच्या एका धांड्याले कनसं किती हायेत रे? ... जेवलो, हौ. ... तू आंधी वावरात जाय अन् मोजून सांग."